बंदुकीचे जन्मगाव

लेकीकडे परदेशी निघालेल्या माणसाच्या पेटीत काय काय असते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नातवासाठी विणलेली टोपी आणि दोन जुने दिवाळी अंक, एवढे सामान माझ्याही पेटीत होते. परंतु २०२३ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमला जाताना एका जाड पुस्तकात, घडी पडू न देता, मी पातळ कागदाचे चार तुकडेही ठेवले होते. त्यांवर शिसपेन्सिलीने उठवलेले ठसे होते. कोठे मुकुट, त्याखाली दोन अक्षरे, कोठे तिरपा चौकोन आणि त्यात बाराचा आकडा. हे ठसे आमच्या आजोबांच्या दुनळी बंदुकीचे.

बंदूक अर्थातच बडोद्यास राहिली होती. आजोबा बडोदे संस्थानच्या जंगल खात्यात नोकरीस होते आणि त्यांची पुष्कळ वर्षे सोनगडकडच्या रानात गेली. त्यांच्यामागे बंदूक वडिलांकडे आली. शिकार अशी वडिलांनी कधी केली नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषयच संपला. तरीही दर दसऱ्याला बंदूक बाहेर निघे, तेलाचा हात फिरे, आपट्याचे पान वाहिले जाई. २०२१ मध्ये वडील वारले. परवाना त्यांच्या नावाचा होता. तेव्हा कायद्याप्रमाणे आम्ही ती परवानाधारक विक्रेत्याकडे अनामत ठेवली. आम्हा भावांपैकी कोणालाच परवाना नको होता. मुले पुण्याला नि परदेशी. मग बंदूक विकावी असे ठरले.

ती पाहावयास बाहेरगावचे एक संग्राहक आले. जुन्या विलायती बंदुकांचा त्यांना छंद होता आणि परवानाही होता. त्यांनी किंमत बोलली ती ऐकून माझे थोरले बंधू, दादा, क्षणभर गप्पच झाले. आमच्या दांडिया बाजारातील घराच्या माडीची तक्तपोशी वाळवीने पोखरली आहे; ती सबंध बदलून वर कौले फिरवता येतील एवढी ती रक्कम होती. गृहस्थांची अट मात्र एक होती. बंदूक मूळ स्थितीत असून तिच्यात काही फेरफार झालेला नाही, आणि ती श्रीमंत सयाजीराव महाराजांकडून आजोबांना मिळालेली आहे, असे आम्ही दोघा भावांनी लिहून सही करून द्यावे.

महाराजांची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. फेरफाराविषयी कोणी काही बोललेले आठवत नव्हते. दादा म्हणाला, “लिहून द्यायला काय हरकत आहे? आपल्याला माहीत आहे तेच लिहायचे.” मी म्हणालो, “दादा, सही करायच्या आधी एकदा नीट पाहू तरी. मी चाललोच आहे तिच्या जन्मगावाला.” नळ्यांच्या वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या एका पेढीचे नाव कोरलेले होते. परंतु विक्रेत्याने नळ्या उतरवून त्यांची खालची सपाट बाजू दाखवली तेव्हा तेथले ठसे बर्मिंगहॅमचे निघाले. त्याच्यासमोर बसून मी ते कागदावर उठवून घेतले, फूटपट्टीने मापे टिपली आणि नळ्यांच्या तोंडाची दोन छायाचित्रे काढली.

बर्मिंगहॅम हे नाव आपल्या जुन्या घरांना वाटते तितके परके नाही. आजोबांच्या पिढीची बी.एस.ए. सायकल आठवते का? तिच्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची खूण असे. सायकलवर बंदुका कशासाठी, हा प्रश्न मला लहानपणी पडे. त्याचे उत्तर या शहरात आहे. १८६१ मध्ये येथील बंदूक कारखानदारांनी एकत्र येऊन ती कंपनी काढली. सायकली पुढे आल्या. त्याहीपूर्वी, १६९३ मध्ये, येथल्या पाच कारागिरांनी इंग्रज सरकारला दरमहा २०० बंदुका पुरवण्याचा करार केला होता. अठराव्या शतकात येथल्या स्वस्त बंदुका जहाजांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेल्या आणि गुलामांच्या व्यापारात चलनासारख्या वापरल्या गेल्या. गावाच्या भरभराटीत हाही हिशेब आहे, तो विसरून चालत नाही.

जावयाच्या ओळखीने एक वृद्ध कारागीर भेटले. साऱ्या आयुष्यात त्यांनी नळ्यांखेरीज दुसरे काम केले नाही. त्यांनी एका सकाळी आम्हांस स्नो हिल स्थानकावर बोलावले. हाताशी काठी, डोक्यावर चपटी टोपी, बोलणे थोडके. स्थानकाच्या लगतच जुना बंदूकवाल्यांचा मोहल्ला सुरू होतो. स्टीलहाऊस लेन, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट, बाथ स्ट्रीट अशी गल्ल्यांची नावे. आपल्याकडे तांबट आळी, कासार आळी असते तसाच हा प्रकार. एक बंदूक कधी एका छपराखाली तयार होत नसे. एक घर नळ्या करी, दुसरे त्या आतून कातून गुळगुळीत करी, तिसरे खटका घाशी, चौथे अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवी, पाचवे त्यावर नक्षी कोरी. आणि पोरे हाफझालेल्या बंदुका खांद्यावर टाकून या दारातून त्या दारात नेत. शेवटी पट्टीवर नाव येई ते पुष्कळदा विकणाऱ्याचे. “तुमची कलकत्त्याची पेढी ती हीच,” कारागीर हसून म्हणाले. “तिचा कारखाना याच गल्लीत कोठेतरी असणार.”

आज त्या मोहल्ल्यात फारसे उरलेले नाही. १९६० नंतरच्या दशकात शहराभोवती वर्तुळाकार मोठा रस्ता काढला तेव्हा कितीतरी घरे पडली. सेंट चॅडचे लाल विटांचे प्रार्थनामंदिर रहदारीच्या कडेला उभे आहे. बाथ स्ट्रीटवरच्या मद्यगृहाच्या पाटीवर बंदूक करणाऱ्यांचे नाव आहे. प्राइस स्ट्रीटवर जुन्या विटांच्या इमारतींची एक रांग आहे. तिच्या खिडक्या मोठ्या, कारण कानशीचे काम उजेडावाचून होत नाही. मला बडोद्याच्या मांडवीजवळच्या गल्ल्या आठवल्या. तेथेही दुकानांच्या पाट्यांवर ज्या धंद्यांची नावे आहेत त्यांतले कित्येक धंदे आता नाहीत.

एका लहानशा उपाहारगृहात बसून चहा आला आणि मी पुस्तकातून कागद काढले. वृद्धांनी चष्मा पुसला. प्रथम त्यांनी मुकुटाखालची अक्षरे पाहिली. बी.पी., बी.व्ही. आणि एन.पी. “ही येथलीच परीक्षा. १९०४ च्या नियमांचे ठसे. १९२५ ला नियम पुन्हा बदलले, त्यानंतर काडतुसाच्या कोठ्याची लांबीही आकड्यांत उमटवू लागले. ती येथे नाही. म्हणजे बंदूक या दोन सालांच्या मधली.” तिरप्या चौकोनातला बारा म्हणजे बारा बोअर, एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक गोळी जेवढी, तेवढे नळीचे पोट. एन.पी. म्हणजे नव्या, धूर न करणाऱ्या दारूने केलेली परीक्षा. मग त्यांचे बोट एका शब्दावर थांबले. दोन्ही नळ्यांवर इंग्रजीत ‘चोक’ असा ठसा होता.

“नळ्यांची लांबी किती?”

मी वही पाहून सांगितली, सव्वासव्वीस इंच.

“तोंडाशी पोट आवळलेले आहे का?”

चोक म्हणजे काय हे येथे सांगितले पाहिजे. छर्ऱ्यांची बंदूक नुसत्या सरळ नळीने झाडली तर छर्रे लवकर फाकतात. म्हणून नळीचे शेवटचे दोन-तीन इंच आतून किंचित निमुळते करतात. छर्रे दूरवर एकत्र जातात. फरक इंचाच्या हजारांशात मोजण्याइतका बारीक, डोळ्यांना दिसत नाही. आमच्या विक्रेत्याने मापकाठी घालून पाहिले होते. पोट बुडापासून तोंडापर्यंत एकसारखे होते. मी तसे सांगितले.

“मग ठसा म्हणतो चोक आहे, आणि नळी म्हणते नाही,” वृद्ध म्हणाले. “दोघांतले कोणी खोटे बोलत नाही. मधे काहीतरी घडले आहे.”

मी वकिली केली. लांबी कमी असणे हा काही पुरावा नव्हे; १९२० नंतरच्या दशकात लंडनच्या रॉबर्ट चर्चिलने पंचवीस इंची नळ्यांच्या बंदुका मुद्दाम काढून लोकप्रिय केल्या होत्या, असे मी वाचले होते. त्यांनी मान डोलावली. शिवाय नळी न कापताही आतून कातून चोक घालवता येतो, हे त्यांनी स्वतःच सांगितले. “म्हणून तिसरा साक्षीदार हवा. तोंडाचे छायाचित्र दाखवा.”

छायाचित्र त्यांनी डोळ्यांजवळ धरले, मग माझ्यापुढे सरकवले. दुनळीच्या नळ्या बुडाशी जाड आणि तोंडाकडे पातळ असतात. कारागीर त्या जोडतो तेव्हा तोंडाशी त्या एकमेकींना जवळजवळ टेकतात. पुढून तुकडा कापला की टेकलेला भाग जातो आणि उरलेल्या तोंडांच्या मधे फट दिसू लागते. आमच्या छायाचित्रात दोन वर्तुळांच्या मधे एक करडा ठिपका होता. मी तो मळ समजलो होतो. ते डाक होते. फट बुजवलेली होती.

“दोन-तीन इंच तरी गेले,” ते म्हणाले. “ठसा, पोट आणि फट, तिघे एकच सांगतात. काम वाईट केलेले नाही. तोंडाशी काटकोनात कापले आहे, लक्ष्याचा मणीही पुन्हा नीट बसवला आहे. पण कापले आहे.”

मी दस्त्याचेही छायाचित्र दाखवले. मागे तांबूस रबराची गादी होती. वडील उंच होते, आजोबा ठेंगणे. ती गादी वडिलांनी लावून घेतल्याचे मला माहीत होते. परंतु ‘फेरफार’ म्हणताना तिची आठवणच मला झाली नव्हती, याची त्या क्षणी लाज वाटली.

मग मी सरळ विचारले की, अशा बंदुकीची किंमत संग्राहकाने कशी करावी? त्यांनी बोटे मोडीत जे सांगितले ते वाचकांच्या उपयोगी पडेल, कारण आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर नाही तरी आप्तांच्या घरी अशी एखादी वस्तू असते.

पहिला प्रश्न किमतीचा नव्हेच, सुरक्षिततेचा. जुनी नळी घासून घासून पातळ होते. तिची जाडी कोठेही इंचाच्या हजार भागांपैकी वीस भागांखाली गेली तर जाणते लोक मागे सरतात. पोट ठशातल्या मापापेक्षा फार वाढले असेल, किंवा कोठा नव्या लांब काडतुसासाठी खोल केला असेल, तर जुनी परीक्षा रद्द समजावी. नुसते देखणेपण पाहून काडतूस घालणाऱ्याने आपल्या बोटांचा विचार करावा.

दुसरा प्रश्न, बंदूक मुळात कोणत्या प्रतीची होती? १८७५ मध्ये याच शहरात अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी खटक्याची एक सुटसुटीत रचना काढली. तिला बॉक्सलॉक म्हणतात. आमची बंदूक त्या जातीची. चांगली, टिकाऊ, पण अशा असंख्य झाल्या. लंडनच्या नामांकित घराची हाताने घडवलेली जोडी निराळी. मुळात जी साधी आहे ती जुनी झाली म्हणून दुर्मीळ होत नाही.

तिसरा प्रश्न फेरफाराचा, आणि सगळे फेरफार सारखे नसतात. नळीला पडलेला पोचा उठवणे, सैल झालेला सांधा घट्ट करणे, ही दुरुस्ती. ती नीट केली असेल तर कोणी नाक मुरडत नाही. मूळ कारखान्यानेच पुढे नव्या नळ्या बसवून वहीत नोंद ठेवली असेल तर किंमत थोडी उतरते. बुडाचा भाग ठेवून पुढे नव्या नळ्या ओवल्या असतील तर तो सांधा बुडापासून काही इंचांवर दिसतो आणि तसा शब्दही ठशात मारावा लागतो. अशी बंदूक झाडण्यास उत्तम, संग्रहास दुय्यम. दस्ता कापून गादी लावली असेल तर लाकूड जोडून काही अंशी भरून काढता येते. फार घासूनपुसून चकचकीत केलेली बंदूक अज्ञ माणसाला आवडते आणि जाणत्याला नाही. नक्षीच्या कडा बोथट झाल्या, लाकूड धातूच्या कडेपेक्षा खाली गेले, की ओळखावे. चांगल्या कारागिराने स्क्रूच्या खाचा एका ओळीत ठेवलेल्या असतात. त्या वेड्यावाकड्या नि ओरबाडलेल्या दिसल्या की आत अडाणी हात गेला होता. “आणि कापलेली नळी?” मी विचारले. “ती वाढत नाही,” ते म्हणाले.

चौथा प्रश्न कागदाचा. राजाने दिली, साहेबाने दिली, अशा कथा त्यांनी जन्मभर ऐकल्या होत्या. कोरलेले नाव, राजचिन्ह, कारखान्याच्या वहीतली नोंद, देणगीचे पत्र यांपैकी काही असेल तर कथेला मोल येते. आमच्याकडे काय होते? दसऱ्याच्या दिवशीचे बोलणे. महाराज १९३९ मध्ये वारले. आजोबा त्याआधीच नोकरीत होते. म्हणजे गोष्ट अशक्य नव्हती. अशक्य नाही एवढ्यावर सही कशी करावी?

दुपारी आम्ही पायी डिगबेथकडे गेलो. वाटेत कर्झन स्ट्रीटचे १८३८ चे जुने रेल्वे स्थानक लागले. त्याचे उंच दगडी खांब जसेच्या तसे उभे होते आणि शेजारी नव्या वेगवान रेल्वेसाठी जमीन खणली जात होती. पलीकडे, कालव्याच्या आणि रुळांच्या सोबतीस, बॅनबरी स्ट्रीटवर प्रूफ हाऊस आहे. नळ्यांचे परीक्षागृह म्हणावे. दरवाजावर ढाली, भाले, तोफा यांचा रंगीत शिल्पपट आहे. १८१३ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने ते स्थापन झाले आणि विशेष हे की, ते बंदुका करणाऱ्यांनीच मागून घेतले. हलक्या नळ्या फुटून माणसे जखमी होत आणि चांगल्या कारागिरांचेही नाव बुडे. लंडनच्या परीक्षागृहाची परंपरा तर याहूनही जुनी. १८६८ च्या कायद्याप्रमाणे परीक्षा न झालेली बंदूक विकणे हा त्या देशात आजही गुन्हा आहे.

आधी लिहून परवानगी घेतली होती, म्हणून आत जाता आले. तेथील पद्धत सोपी आहे. नेहमीच्या काडतुसापेक्षा जास्त जोराचा बार भरायचा, बंद खोलीत दुरून झाडायचा, मग नळी मापायची. टिकली तर ठसा. नाही तर नाही. संग्रहालयात फुटलेल्या नळ्या मांडून ठेवल्या आहेत. काही केळीच्या सालीसारख्या उलगडलेल्या, काहींना मधेच गळ्यातल्या ठुशीसारखे फुगीर कडे पडलेले. एका कपाटापुढे वृद्ध थांबले. तेथल्या नळ्या फक्त तोंडाशी फाटलेल्या होत्या.

“तुमच्या आजोबांच्या बंदुकीचे बहुधा असे काही झाले,” ते म्हणाले. “तोंडात चिखल, बर्फ किंवा चिंधी राहते. छर्रे तेथे अडतात, मागून वायूचा दाब येतो, नळी फुगते किंवा फाटते. मग एवढाच उपाय. फाटलेले कापून टाकायचे आणि दुसरीही तेवढीच कापायची.”

निरोप घेताना मी त्यांना कागद देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत. “तुमच्याकडेच असू द्या. विकत घेणाऱ्याला लागतील,” एवढेच म्हणाले.

ऑगस्टमध्ये परत आलो. श्रावण होता. आत्या आमच्याकडे राहावयास आली होती. आत्या १९३४ ची; ऐकू थोडे कमी येते, पण वाती वळताना हात थांबत नाही. दादाला मी सारे सांगत होतो. तो वैतागला होता, आणि त्यात त्याची चूक नव्हती. माडीवरच्या खोलीत त्या आठवड्यात तीन ठिकाणी भांडी मांडली होती. “त्या गृहस्थाला डाक दिसले नाही, विक्रेत्याला दिसले नाही. तूच कशाला दाखवायला जातोस?” तो म्हणाला. “आणि कापली असेल तर कोणी कापली, कशासाठी, हे तरी तुला ठाऊक आहे का?”

“मला ठाऊक आहे,” आत्या म्हणाली.

आम्ही दोघेही वळून पाहू लागलो. तिने हातातली वात ताटलीत ठेवली.

“सोनगडला होतो आम्ही. मी आठ वर्षांची असेन. पावसाळ्यात कुंभारीण घरभर मातीची घरटी करायची. चौकटीत, किल्लीच्या भोकात. एकदा ती बंदुकीच्या तोंडावर घिरट्या घालताना मी पाहिली. मला वाटले, आत घर केले तर नाना रागावतील. म्हणून बाहुलीच्या लुगड्याचा बोळा करून मी नळीत कोंबला. कोणाला सांगितले नाही. मोठे काम केल्यासारखे वाटले होते रे मला.”

मग एका रात्री गोठ्यामागे बिबट्या आला. आजोबांनी घाईने बंदूक उचलली आणि हवेत बार काढला. आवाज निराळाच झाला. बिबट्या पळाला, डाव्या नळीचे तोंड पाकळीसारखे उलटले होते. दैव एवढेच की, कोणाला लागले नाही.

“सकाळी नाना अंगणात बसून नळी पाहत होते. काठाशी जळलेली चिंधी चिकटलेली होती. खणाचा हिरवा काठ तिला. त्यांनी ओळखला. माझ्याकडे पाहिले. मी खांबाआड. हाक मारली, मी गेले. मला वाटले आता मार बसणार. ते म्हणाले, ‘उद्यापासून बंदूक साफ करताना तू माझ्याजवळ बसायचे.’ बस्स, एवढेच. मग बडोद्याला जाऊन तोंड कापून आणले. कोणी विचारले तर म्हणत, रानात लांब नळी अडते म्हणून आखूड केली. आईलासुद्धा खरे सांगितले नाही.”

“आणि तू जवळ बसायचीस?” मी विचारले.

“दर रविवारी. ते नळ्या उतरवून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, ‘खिडकीकडे धर. दिसतो का गं उजेड?’ दिसतो म्हटल्याशिवाय पुढचे काम नाही.”

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून त्याने माडीवरचे भरलेले पातेले मोरीत रिकामे केले आणि येऊन म्हणाला, “लिही तू. जे आहे ते लिही.”

मी पत्र लिहिले. बंदूक १९०४ ते १९२५ च्या दरम्यानची, बर्मिंगहॅमच्या परीक्षेची. नळ्या सुमारे १९४२ मध्ये तोंड फाटल्यामुळे कापलेल्या, मूळ चोक नाही. दस्त्याला पुढे गादी लावलेली. महाराजांनी दिल्याची घरात आख्यायिका आहे, पुरावा नाही. सोबत ठशांच्या कागदांच्या प्रती जोडल्या. खाली आम्हा दोघांच्या सह्या, आणि नळीच्या हकीकतीपुरती साक्ष म्हणून आत्याची. सही करताना तिने माहेरचे नाव लिहिले.

महिनाभर उत्तर आले नाही. आले तेव्हा त्या गृहस्थांनी पहिल्या किमतीचा तिसरा हिस्सा देऊ केला होता आणि पत्राची मूळ प्रत बंदुकीबरोबर मिळावी अशी विनंती केली होती. तेवढ्यात सबंध तक्तपोशी बदलणे शक्य नव्हते. गळणाऱ्या बाजूची निम्मी झाली. उरलेल्या निम्म्यासाठी दादा अजून अधूनमधून माझ्याकडे पाहतो.

कायद्याप्रमाणे लेखी सूचना, नोंदी वगैरे सोपस्कार झाल्यावर बंदूक नेण्याचा दिवस ठरला. आत्या म्हणाली, मलाही न्या. विक्रेत्याच्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढावयास तिला बराच वेळ लागला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले आणि गुजरातीत विचारले, “बा, शुं जोवुं छे?” तिने नळ्या उतरवून मागितल्या. ते वजन आता तिला एकटीला पेलण्यासारखे नव्हते. बुडाकडून दादाने आधार दिला. तिने प्रथम तोंडावरून बोट फिरवले, त्या करड्या डाकावर थांबवले. मग नळ्या रस्त्याच्या बाजूच्या दाराकडे धरून एक डोळा मिटला.

“दिसतो,” ती म्हणाली, आणि नळ्या परत दिल्या.